शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन

उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. उडणारी नाडी तुम्हांला लगेच लागेल. तशीच एक नाडी जांघेत, म्हणजे मांडी पोटाला जिथे मिळते तिथे असते. निरोगी माणसाच्या या दोन्ही नाड्या जवळजवळ एकाच वेळी उडतात. पण एखाद्याच्या मनगटातली नाडी उसळून लागते आणि जांघेतली शोधूनही नीट सापडत नाही. असे का व्हावे? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा मुंबईतील एका शल्यविशारदाने कित्येक वर्षे माग काढला. त्यांचे नाव डॉ. प्रफुल्लकुमार सेन.

लोकांना मात्र ते वेगळ्याच कारणाने ठाऊक आहेत. भारतात माणसाच्या हृदयाचे पहिले रोपण त्यांनी केले. ती हकीकत पुढे येईलच. परंतु मला विचाराल, तर त्यांचे खरे टिकाऊ काम हृदयात नव्हे, हृदयाच्या मागे झाले. तिथे पाठीच्या कण्याला लागून एक मोठी रक्तवाहिनी खाली उतरते. तिचा एक आजार त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगासमोर नीट मांडला. ते काम समजायचे असेल, तर आधी छातीच्या त्या मागच्या भागात काय काय आहे ते पाहिले पाहिजे.

आपली छाती म्हणजे बरगड्यांचा पिंजरा. पुढे उरोस्थी, मागे कण्याचे मणके आणि खाली श्वासपटलाचा पडदा. पिंजऱ्याच्या दोन बाजूंना दोन फुप्फुसे आणि मध्ये, थोडे डावीकडे झुकलेले, मुठीएवढे हृदय. इतके आपण सगळेच शिकतो. पण हृदय आणि कणा यांच्या मधल्या जागेबद्दल शाळेच्या पुस्तकात फारसे काही नसते. एखाद्या दाट वस्तीतल्या बोळासारखी ती जागा आहे. रुंदी थोडी आणि वर्दळ फार.

या बोळातून घशाकडून जठराकडे जाणारी अन्ननलिका उतरते. कण्याच्या डाव्या अंगाने महारोहिणी उतरते. तुमच्या उर्दूच्या पुस्तकात जिला शिरयान म्हणतात ती मराठीत रोहिणी, आणि जिला वरीद म्हणतात ती नीला. शरीरातील सर्वांत मोठी रोहिणी ती महारोहिणी. हृदयातून ती आधी वर चढते, मग कमानीसारखी डावीकडे आणि मागे वळते आणि कण्यालगत खाली येते. श्वासपटल ओलांडून पोटात शिरेपर्यंत तिचा हा मार्ग जेमतेम वीतभर लांबीचा असतो. जाडी साधारण अंगठ्याएवढी, म्हणजे दोन ते अडीच सेंटिमीटर. या वीतभर वाटेवर ती प्रत्येक बरगडीखालून जाणाऱ्या छोट्या रोहिण्या सोडत जाते. त्यांतल्याच काही शाखा आत वळून मज्जारज्जूला रक्त पुरवतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिच्यावरच सगळे अडणार आहे.

कण्याच्या उजव्या अंगाने एक नीला वर चढते. तिला जोडीदार नाही, म्हणून जुन्या वैद्यांनी तिचे नावच एकटी असे ठेवले. बरगड्यांमधले वापरलेले रक्त गोळा करून ती हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या नीलेत सोडते. या नीलेच्या आणि महारोहिणीच्या मधून एक नाजूक नळी वर जाते. आतड्यांनी शोषलेली चरबी घेऊन जाणारा दुधासारखा रस तिच्यातून वाहतो. ही नळी इतकी पातळ असते, की शस्त्रक्रियेच्या वेळी ती पटकन डोळ्यांना दिसत नाही. चुकून कापली गेली, तर तो पांढरा रस छातीत साठत राहतो आणि रोगी दिवसेंदिवस खंगत जातो.

राहिल्या चेता. उर्दूत त्यांना असब म्हणतात. बरगड्या जिथे मण्यांना जोडलेल्या असतात, तिथे दोन्ही बाजूंना चेतांच्या गाठींची एक एक माळ वरपासून खालपर्यंत लोंबते. हृदयाची गती वाढवणे, घाम आणणे, रक्तवाहिन्या आवळणे ही कामे आपल्या नकळत त्यांच्याकडून होतात. मेंदूतून निघून थेट पोटापर्यंत भटकत जाणारी आणखी एक चेतांची जोडी अन्ननलिकेला वेढून खाली उतरते. यांपैकी डाव्या चेतेची एक शाखा महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेते आणि परत वर घशात जाते. आवाज काढणाऱ्या पडद्यांना ती हलवते. म्हणून कमानीजवळ रक्तवाहिनी फुगली, की कधी कधी माणसाचा आवाज बसतो. दुखणे छातीत आणि लक्षण घशात! शरीराची रचना ज्याला ठाऊक नाही, त्याला हा संबंध कसा उमगावा?

अशा या दाटीच्या जागेत सुरी चालवायची, तर हात जितका स्थिर हवा तितकेच रचनेचे ज्ञान पक्के हवे. डॉ. सेन यांच्याकडे दोन्ही होते.

त्यांचा जन्म १९१५ साली एका बंगाली कुटुंबात झाला. परंतु त्यांचे शिक्षण आणि आयुष्यभराचे काम मुंबईत, परळ येथील सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात आणि त्याला जोडलेल्या केईएम रुग्णालयात झाले. या संस्थेची गोष्टही सांगण्याजोगी आहे. ती १९२६ साली सुरू झाली. त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत वरच्या जागा बहुधा इंग्रजांना मिळत. भारतीय डॉक्टर कितीही हुशार असला, तरी त्याला दुय्यम जागेवर समाधान मानावे लागे. म्हणून देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी अट घातली, की येथील अध्यापक भारतीयच असतील आणि ते सरकारी नोकरीतले नसतील. रुग्णालय मुंबई महानगरपालिकेचे. गिरणगावातले कामगार, कोकणातून आलेले हमाल, आपल्या नाशिक-मालेगावकडून कसाऱ्याचा घाट उतरून आलेले शेतकरी आणि विणकर, असा गोरगरीब रोगी तिथे येई. डॉ. सेन यांना त्यांचे प्रश्न या रोग्यांकडूनच मिळाले.

एकोणीसशे चाळीसच्या दशकात छाती उघडणे ही मोठ्या धाडसाची गोष्ट होती. पिंजऱ्याला भोक पडले, की बाहेरची हवा आत शिरते आणि फुप्फुस फुग्यासारखे मिटून जाते. श्वासनलिकेत नळी घालून फुप्फुस फुगते ठेवण्याची रीत रुळली, तेव्हा कुठे शल्यविशारदांना आत जायची वाट मिळाली. १९४४ साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे क्लॅरन्स क्राफूर्ड यांनी महारोहिणीचा जन्मजात आवळलेला तुकडा कापून काढला आणि दोन्ही टोके एकमेकांना शिवली. जगातील ती तशी पहिलीच शस्त्रक्रिया होती. त्यानंतर थोड्याच वर्षांत डॉ. सेन रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे गेले. छातीच्या शस्त्रक्रियेचे नवे तंत्र त्यांनी तिथे पाहिले, हाताखाली घातले आणि ते परळला परत आले.

परत आल्यावरचे काम सोपे नव्हते. अमेरिकेत जी साधने सहज मिळत, ती इथे मिळत नसत. मग जे आहे त्यातून मार्ग काढायचा. संधिवाताच्या तापाने ज्यांच्या हृदयाची झडप चिकटून अरुंद झाली होती, असे तरुण रोगी केईएममध्ये पुष्कळ येत. धडधडत्या हृदयात बोट किंवा हत्यार घालून ती झडप मोकळी करण्याची शस्त्रक्रिया डॉ. सेन करू लागले. काही मुलांच्या हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतःच छिद्र असते. ते बुजवायचे तर रक्ताचा प्रवाह काही मिनिटे थांबवावा लागतो, आणि तीन-चार मिनिटे रक्त मिळाले नाही तर मेंदू कायमचा बिघडतो. यावर उपाय होता बर्फ! रोग्याला भूल देऊन बर्फाने त्याचे शरीर थंड करायचे. थंड मेंदूला रक्त कमी लागते, त्यामुळे आणखी चार मिनिटे हाती येतात. तेवढ्या वेळात छिद्र शिवायचे आणि बाहेर यायचे. पन्नासच्या दशकात केईएममध्ये या पद्धतीने शस्त्रक्रिया झाल्या.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. हृदयाच्या मधल्या पडद्यात बारीक भोके असतात आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते, असे पूर्वीचे वैद्य हजार वर्षांहून अधिक काळ मानत आले. दमास्कसकडचे आणि पुढे कैरो येथे हकिमी करणारे इब्न अल-नफीस यांनी तेराव्या शतकात ते नाकारले. हा पडदा बंद असतो आणि रक्त फुप्फुसांतून फिरून मगच डावीकडे येते, असे त्यांनी लिहून ठेवले. डॉ. सेन यांनी ज्या मुलांवर शस्त्रक्रिया केल्या, त्यांचे दुखणे हेच, की जो पडदा बंद असायला हवा तो बंद नव्हता.

आता पुन्हा त्या नाडीकडे वळू.

महारोहिणी मध्येच अरुंद झाली तर काय होईल? शेतकऱ्याच्या मुलाला हे चटकन कळेल. गंगापूर धरणाचा पाट मध्येच गाळाने बुजला, तर वरच्या बाजूला पाणी तुंबते आणि खालची शेते कोरडी राहतात. वरचे पाणी मग बाजूच्या चाऱ्यांतून वाट काढते आणि त्या चाऱ्या फुगतात. शरीरातही अगदी तसेच होते. डोक्याकडे आणि हातांकडे रक्ताचा दाब भयंकर वाढतो, पायांकडे तो कमी पडतो. डोके दुखते, चालताना पाय भरून येतात. बरगड्यांखालच्या छोट्या रोहिण्या अडथळा चुकवून रक्त खाली नेऊ लागतात आणि इतक्या फुगतात, की त्यांच्या घासण्याने बरगड्यांच्या खालच्या कडेला खाचा पडतात. क्ष-किरणांच्या चित्रात त्या खाचा दिसतात. उपचार झाला नाही तर वाढलेल्या दाबाने हृदय थकते किंवा मेंदूत रक्तस्राव होतो.

जन्मजात आवळलेली महारोहिणी बहुधा कमानीच्या शेवटी, डाव्या हाताची रोहिणी फुटते त्याच्या पुढे अरुंद असते. पाश्चात्त्य पुस्तकांत तेच लिहिलेले होते. पण केईएममध्ये येणाऱ्या काही रोग्यांत निराळेच दिसू लागले. कमान ठीक होती. बिघाड त्याच्या खाली होता, छातीतून उतरणाऱ्या भागात आणि पोटाच्या सुरुवातीच्या भागात. रोगी बहुतेक तरुण होते. मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या रोहिण्याही कधी कधी आवळलेल्या असत. हा दोष जन्मजात नव्हता. रोहिणीची भिंत सुजून जाड होत होती आणि आतली वाट बुजत होती.

हे एकट्या शल्यविशारदाला कळण्यासारखे नव्हते. डॉ. सेन यांच्याबरोबर रोगनिदानशास्त्रज्ञ डॉ. सुमन किनरे होत्या. रोगट रोहिणीचे पातळ काप करून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. डॉ. गुरुकुमार परुळकर हे डॉ. सेन यांचे तरुण सहकारी शल्यविशारद होते. ओटीवरचे आणि शस्त्रक्रियागृहातले निरीक्षण, सूक्ष्मदर्शकातले निरीक्षण आणि मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनातले निरीक्षण त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिले. १९६३ साली ब्रिटनमधील हृदयविकारांच्या एका नामांकित नियतकालिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. या आजाराला त्यांनी महारोहिणीच्या मधल्या भागाचा विकार असे अर्थाचे इंग्रजी नाव दिले. ते नाव आज जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत आहे. परळच्या पालिका रुग्णालयातून निघालेला शब्द लंडन-न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना वापरावा लागतो, ही गोष्ट लहान नाही.

हा आजार जपानमध्ये मिकितो ताकायासू या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९०८ साली नोंदवलेल्या रोगाच्या जवळचा आहे, हे पुढे स्पष्ट होत गेले. त्या रोगात हातांची नाडीच नाहीशी होते. आपल्याकडे अनेक डॉक्टरांना क्षयाशी त्याचा संबंध असावा असा संशय होता. मूळ कारण अजूनही पुरते सिद्ध झालेले नाही, मात्र शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वतःच्या रोहिणीवर उलटते, एवढे आता समजले आहे. १९७३ साली डॉ. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १०१ रोग्यांच्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. एकशे एक माणसांचा अभ्यास म्हणजे एकशे एक वेळा मनगट आणि जांघ यांवर ठेवलेली बोटे, हे विसरू नका.

या रोग्यांवर शस्त्रक्रिया करणे किती जोखमीचे होते, ते आता तुमच्या लक्षात येईल. रोग्याला उजव्या कुशीवर निजवायचे. डाव्या बाजूच्या दोन बरगड्यांमधून आत शिरायचे. फुप्फुस हळूच पुढे सारायचे. मग कण्यालगत ठोके देणारी महारोहिणी दिसते. अडथळा ओलांडणारी कृत्रिम नळी जोडायची तर तिच्यावर चिमटा लावून प्रवाह अडवावा लागतो. आणि इथे ती मघाची गोष्ट आडवी येते. मज्जारज्जूकडे जाणारे रक्त याच वाटेने जाते. चिमटा जास्त वेळ राहिला, तर रोहिणी दुरुस्त होते, रोगी जिवंत राहतो, पण शुद्धीवर आल्यावर त्याचे पाय हलत नाहीत. घड्याळ पाहत शिवायचे. त्यातच आवाजाची चेता सांभाळायची आणि त्या दुधाळ रसाच्या नळीला धक्का लावायचा नाही. वाचतानाही दडपण येते, मग करताना काय होत असेल!

डॉ. सेन यांचे मन एका जागी बसणारे नव्हते. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाला पुष्कळसे रक्त थेट आतल्या पोकळीतून मिळते. हे पाहून त्यांना वाटले, की ज्या माणसाच्या हृदयाच्या रोहिण्या बुजल्या आहेत, त्याच्या हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक वाटा पाडल्या तर? डॉ. तेहमतन उदवाडिया, डॉ. किनरे आणि डॉ. परुळकर यांच्यासह त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून १९६५ साली ही कल्पना मांडली. सुईने पाडलेल्या वाटा पुढे बुजून जातात असे आढळले. तरी त्याच कल्पनेवर पुढच्या काळात परदेशांत लेसर किरणांनी शस्त्रक्रिया झाल्या.

मग आले हृदयरोपण. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवले. तो रोगी अठरा दिवस जगला. सगळे जग थक्क झाले. डॉ. सेन आणि त्यांचे सहकारी कुत्र्यांवर याच शस्त्रक्रियेचे प्रयोग करत आलेले होते. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी केईएममध्ये माणसावर ती केली. जगातील ती सहावी आणि आशिया खंडातील पहिली शस्त्रक्रिया होती. नवे हृदय धडधडू लागले. पण तीन तासांनी रोगी मरण पावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी दुसरे रोपण केले. तो रोगी सुमारे चौदा तास जगला. त्यानंतर त्यांनी हृदयरोपण केले नाही.

याला यश म्हणायचे की अपयश? तेव्हाही यावर वाद झाला. ज्याचा मेंदू मेला आहे पण हृदय चालू आहे, अशा माणसाला मृत मानणारा कायदा त्या वेळी भारतात नव्हता. शरीर परके हृदय नाकारते, त्यावर चांगले औषधही नव्हते. ते ऐंशीच्या दशकात हाती आले. घाई झाली, असे म्हणणारे होते आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असे मला वाटत नाही. पण हात थांबवणे हे हात घालण्याइतकेच कठीण असते, आणि डॉ. सेन यांनी दुसऱ्या रोग्यानंतर हात थांबवला, हेही तितकेच खरे. १९६९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले.

१९८२ साली डॉ. सेन यांचे निधन झाले. अवयवरोपणाचा कायदा देशात १९९४ साली झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी हृदयाचे रोपण यशस्वी केले.

महारोहिणीच्या आवळलेल्या भागात आता मांडीतल्या रोहिणीतून बारीक नळी नेऊन, तिच्या टोकावरचा फुगा फुगवून वाट रुंद करता येते. पुष्कळ रोग्यांची छाती उघडावीच लागत नाही. सूज उतरवणारी औषधेही आहेत.

१९९८ साली आपल्या नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. सेन यांचे परळचे महाविद्यालय आता याच विद्यापीठाला संलग्न आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत शवाची उघडी छाती दाखवतात, फुप्फुस बाजूला सारतात आणि कण्यालगतच्या वाहिन्या ओळखायला सांगतात. डावीकडे महारोहिणी, उजवीकडे ती एकटी नीला, मध्ये रसाची पातळ नळी. विद्यार्थी चिमट्याने एकेक उचलून नाव सांगतो. पुढे दोन-तीन वर्षांनी तोच विद्यार्थी रुग्णालयात पहिल्यांदा रोगी तपासायला उभा राहतो, तेव्हा त्याचे अध्यापक त्याला एक हात मनगटावर आणि दुसरा जांघेत ठेवायला लावतात.